खोडदच्या तबकड्या आणि पल्सारचं कोडं

नारायणगाव म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला आधी तमाशाच्या राहुट्या आठवतात. जत्रेची सुपारी द्यायला गावोगावची पंचमंडळी तिथे जातात. मग आठवतो तो टोमॅटोचा बाजार. याच नारायणगावापासून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडद नावाचं गाव आहे आणि तिथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. आपण जालन्याहून पुण्याला जातो ते नगरवरून, त्यामुळे ती वाटेत लागत नाही. मुद्दाम वाकडी वाट करून जावं लागतं.

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहिणारच आहेत, तू विज्ञानाचं काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने मला बजावलं. मी सॉफ्टवेअरमधली, खगोलशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरी मी खोडदचा इतिहास निवडला. पल्सार नावाचे तारे सापडून पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण ते रेडिओ लहरी नेमक्या कुठून आणि कशा सोडतात हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. ते जितकं सुटलं आहे त्यात जुन्नर तालुक्यातल्या या माळाचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

सुरुवात इंग्लंडमधली. १९६७ साली केंब्रिजजवळ साडेचार एकर शेतात लाकडी खांब रोवून, त्यांवर तारा ओढून एक दुर्बीण बांधली गेली. भिंगाची नव्हे, रेडिओची. तारे आणि दीर्घिका प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही सोडतात. त्या पकडायला भिंग लागत नाही, अँटेना लागतो. बांधणाऱ्यांमध्ये जोसेलिन बेल ही चोवीस वर्षांची संशोधक विद्यार्थिनी होती. मूळची उत्तर आयर्लंडची. तिथे अकराव्या वर्षी एक परीक्षा असे, तीत पास झालेली मुलं पुढच्या चांगल्या शाळेत जात. त्या परीक्षेत बेल नापास झाली होती. पुढे यॉर्कच्या शाळेत टिलॉट नावाचे भौतिकशास्त्राचे सर भेटले आणि विषय सोपा वाटू लागला, हे तिने नंतर अनेकदा आवर्जून सांगितलं आहे. आपल्या गुरुजनांसाठी एवढं इथे नोंदवून ठेवते.

दुर्बिणीची पेन कागदाच्या गुंडाळीवर रेघ काढत असे, दिवसाला सुमारे तीस मीटर. हे सगळं डोळ्यांनी तपासायचं काम बेलकडे. ऑगस्टमध्ये तिला रेघेत थोडीशी खरखर दिसली, कागदावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. माणसाने केलेला गोंगाट तसा दिसत नव्हता, ओळखीचा ताराही तसा दिसत नव्हता. ती खरखर रोज चार मिनिटं आधी येई. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे ती पृथ्वीवरची नव्हती. २८ नोव्हेंबरला कागदाचा वेग वाढवून तिने ती पुन्हा नोंदवली, तेव्हा सुटे ठोके दिसले, १.३३७ सेकंदाला एक, घड्याळासारखे. परग्रहावरच्या कुणाचा हा संदेश तर नव्हे, अशी शंका घेऊन त्या स्रोताला गमतीने ‘छोटी हिरवी माणसं’ असं नावही दिलं गेलं. लवकरच आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तसलाच स्रोत तिला सापडला आणि ती शंका मिटली. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोध जाहीर झाला. १९७४ चं नोबेल पारितोषिक तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना, मार्टिन राइल यांच्याबरोबर मिळालं. बेलचं नाव त्यात नव्हतं. ती स्वतः त्याबद्दल कधी कडवट बोलली नाही. मला मात्र ते आजही पटत नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं एक विशेष पारितोषिक मिळालं. ती सगळी रक्कम तिने, ज्यांना भौतिकशास्त्रात सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

हे ठोके देणारी वस्तू कोणती, याचं उत्तर वर्षभरात आलं. सूर्यापेक्षा बराच जड तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा त्याचा गाभा आत कोसळतो. उरतो तो न्यूट्रॉन तारा. वजन साधारण सूर्याच्या दीडपट, आणि रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे जालन्याहून बदनापूरपर्यंत. त्याचा साखरेच्या खड्याएवढा तुकडा दहा कोटी टनांच्या पुढे भरेल. चक्कर मारताना मुलाने पसरलेले हात छातीशी घेतले की गिरकी वाढते, तसा आकुंचन पावलेला हा गाभा भन्नाट वेगाने फिरू लागतो. मूळ ताऱ्याचं चुंबकत्वही त्याबरोबर दाबलं जातं आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाख कोटी पटींच्या घरात जातं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव जसे एका जागी नाहीत, तसंच याचंही असतं. चुंबकीय ध्रुवांवरून निघणारा रेडिओ लहरींचा झोत ताऱ्याबरोबर फिरतो. तो आपल्यावरून गेला की एक ठोका. बंदरावरच्या दीपगृहाचा दिवा फिरतो तसं.

हे दीपगृहाचं चित्र शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचलं आहे आणि ते बरोबरही आहे. पण त्यात एक लबाडी आहे. दीपगृहात दिवा का फिरतो हे त्यातून कळतं, दिवा पेटतो कसा हे कळत नाही. ते कोडं तिथून पुढे सुरू होतं.

पहिला भक्कम धागा एका भारतीयाने पकडला. वेंकटरामन राधाकृष्णन, सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव, तेव्हा ऑस्ट्रेलियात होते. पीएच.डी. त्यांनी कधी केली नाही, छंद विमानं आणि होड्या बांधण्याचा. दोरी हलवली की लाट उभी जाते किंवा आडवी, तशी रेडिओ लहरीच्या कंपनालाही दिशा असते. पार्क्सच्या दुर्बिणीतून व्हेला नावाच्या पल्सारचा एकेक ठोका पाहताना राधाकृष्णन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड कुक यांना दिसलं की ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत ही दिशा हळूच वळते, मध्ये झपाट्याने वळते आणि पुन्हा हळू होते. इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र. १९६९ मध्ये त्यांनी त्याचा अर्थ लावला: आपली नजर चुंबकीय ध्रुवाच्या जवळून जाते आहे आणि ध्रुवातून पंख्यासारख्या पसरलेल्या चुंबकीय रेषा एकामागून एक आपल्यासमोर येताहेत. त्या रेषांची दिशा तीच लहरींची दिशा. म्हणजे लहरी ध्रुवाजवळच तयार होतात आणि चुंबकीय रेषांना बांधलेल्या असतात. आजही पल्सारवर काम करणारा प्रत्येक विद्यार्थी हा वक्र काढायला आधी शिकतो. राधाकृष्णन १९७२ मध्ये बंगलोरला परतले आणि वडिलांनी स्थापलेल्या रामन संशोधन संस्थेचे संचालक झाले.

मग वीज. सायकलच्या डायनामोत चुंबक फिरलं की दिवा लागतो. पल्सार हाही डायनामोच, फक्त त्यातला विद्युतदाब लाख कोटी व्होल्टच्या घरातला. एवढा दाब ताऱ्याच्या पृष्ठभागावरून विद्युतभारित कण उपटून काढतो, हे पीटर गोल्डराइक आणि विल्यम ज्युलियन यांनी १९६९ मध्ये दाखवलं. ताऱ्याभोवतीचे हे कण त्याच्याबरोबर फिरतात, पण एका मर्यादेपर्यंतच. सेकंदाला एक फेरी मारणाऱ्या पल्सारपासून सुमारे ४८ हजार किलोमीटरवर, बरोबर फिरत राहायचं तर कणाला प्रकाशाच्या वेगाने धावावं लागेल. त्यापलीकडे ते शक्य नाही. म्हणून ज्या चुंबकीय रेषा त्या सीमेच्या आत वळून परत येतात त्या बंद, आणि ज्या बाहेर जातात त्या उघड्या. उघड्या रेषा ध्रुवाभोवतीच्या एका लहानशा वर्तुळातूनच निघतात. सेकंदाला एक फेरी मारणाऱ्या पल्सारवर या वर्तुळाची त्रिज्या भरते जेमतेम दीडशे मीटर. सूर्याहून जड वस्तूचा सगळा रेडिओ कारभार शाळेच्या मैदानापेक्षा थोड्या मोठ्या जागेवरून चालतो, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

त्या मैदानावर काय घडतं, याचं चित्र न्यूयॉर्कच्या माल्विन रुडरमन आणि पीटर सदरलँड यांनी १९७५ मध्ये मांडलं. पृष्ठभागाच्या अगदी वर एक पोकळ फट तयार होते. तिच्यात एखादा कण सापडला की विद्युतदाब त्याला प्रचंड वेग देतो, तो वाकड्या चुंबकीय रेषेवरून धावताना गॅमा किरण सोडतो, त्या तीव्र चुंबकत्वात गॅमा किरण फुटून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी होते, ती जोडी पुन्हा धावते, पुन्हा किरण, पुन्हा जोड्या. क्षणात ठिणगी पडते. अशा अनेक ठिणग्या ध्रुवाभोवती हळूहळू फेर धरतात.

पण कणांचा लोंढा निघाला म्हणून एवढे तेजस्वी रेडिओ झोत निघत नाहीत. प्रत्येक कण आपल्या मर्जीने लहर सोडू लागला तर एकूण आवाज फारच क्षीण होईल. प्रार्थनेआधी मैदानावर पाचशे मुलं आपापसात बोलत असतात तो कलकलाट आणि त्याच मुलांनी एका सुरात म्हटलेलं राष्ट्रगीत, यात जो फरक तोच इथे. शंभर कणांनी एका तालात लहर सोडली तर ताकद शंभरपट होत नाही, दहा हजारपट होते. पल्सारचे कण नक्कीच एका तालात आहेत, मोजमापं तेच सांगतात. ताल कोण धरतो, हा खरा प्रश्न. आणि तो ताल पृष्ठभागापासून किती उंचीवर धरला जातो, हा त्याला जोडलेला दुसरा प्रश्न. यांची उत्तरं कागदावर मिळणार नव्हती. त्यासाठी पल्सारचा एकेक ठोका स्वच्छ ऐकू शकणारी मोठी दुर्बीण हवी होती, आणि तीही कमी कंपनसंख्येची, कारण पल्सार तिथेच जास्त तेजस्वी असतात.

आता आपण भारतात येऊ. गोविंद स्वरूप १९२९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वारा इथे जन्मले. पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात शिकत असताना तिथल्या सरकारी संस्थेने बत्तीस लहान तबकड्या मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा ‘त्या आम्हाला द्या’ असं त्यांनी मागून घेतलं. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि त्या भंगारातल्या बत्तीस तबकड्या १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहून सूर्याकडे बघू लागल्या. लोकलच्या गर्दीचं कल्याण! भारतातली रेडिओ खगोलशास्त्राची ही पहिली मोठी मांडणी तिथली होती हे वाचून मी दोनदा खात्री केली.

त्यानंतर उटी. विषुववृत्तापासून अकरा अंशांवरच्या त्या गावात बरोबर अकरा अंश उताराची टेकडी स्वरूपांच्या गटाने शोधली आणि तिच्या उतारावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण उत्तर-दक्षिण निजवली. त्यामुळे तिचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. नुसती कुशीवर वळवली की ती तासन्‌तास एकाच ताऱ्याचा पाठलाग करते. १९७० पासून ती काम करते आहे. जागेच्या स्वभावातूनच यंत्राची अर्धी अडचण सोडवायची, ही स्वरूपांची पद्धत.

तीच पद्धत खोडदला दिसते. १९८० च्या दशकात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही कल्पना पुढे आली तेव्हा जागेच्या अटी ठरल्या. शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून लांब, डोंगरांचा आडोसा, वारा कमी, वरच्या वातावरणातले विद्युत थर फार चंचल नसतील असं अक्षांश, आणि तरी मोठं शहर आणि विद्यापीठ हाताशी. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा पट्टा या सगळ्यांत बसला. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, अर्थात एनसीआरए, उभं राहिलं आणि खोडदला तबकड्या.

तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. सगळ्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर जवळजवळ बारा एकर. चौदा तबकड्या मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, शेतांच्या मधून. सर्वांत लांबच्या दोघींत २५ किलोमीटर अंतर. जालन्याची आपण माणसं लोखंडात वाढलेली, त्यामुळे हा भाग थोडा सविस्तर सांगते. ४५ मीटरची तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर तिचं वजन आणि तिच्यावरचा वाऱ्याचा जोर पेलायला एवढं पोलाद लागलं असतं की तिसांच्या जागी चार-पाचच झाल्या असत्या. स्वरूपांनी पत्राच काढून टाकला. पोलादी नळ्यांच्या सोळा कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर, आणि त्या दोरांना बांधलेली बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, पण वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी सलग आरशासारखीच दिसते. लांबून पाहिलं तर तबकडीतून पलीकडचं आकाश दिसतं. बाजेच्या सुतळीचं तत्त्व समजा. वजन चौकटीने घ्यायचं, पृष्ठभाग ताणाने धरायचा. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली.

पल्सार ऐकायला तीस तबकड्या कशा वापरतात? प्रत्येकीने टिपलेला संकेत काचतंतूवरून मधल्या इमारतीत येतो. लांबच्या तबकडीचा उशिरा, जवळच्या तबकडीचा लवकर. प्रत्येकीचा उशीर मोजून, सगळे संकेत एका रेषेत आणून त्यांची बेरीज करायची. मग दुसरी भानगड. ताऱ्यांमधल्या अवकाशात विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत आणि ते कमी कंपनसंख्येच्या लहरींना जास्त रखडवतात. एकाच वेळी सुटलेल्या जलद गाडी आणि पॅसेंजरसारखं. मध्यम अंतरावरच्या पल्सारचा ठोका ६०० मेगाहर्ट्झला पोचल्यावर ४०० मेगाहर्ट्झला पाऊण सेकंद उशिराने पोचू शकतो. तोवर पुढचा ठोका येऊन ठेपतो आणि सगळं एकमेकांत मिसळून जातं. म्हणून संकेताच्या बारीक बारीक पट्ट्या करायच्या, प्रत्येकीचा उशीर वजा करायचा, मग पुन्हा जोडायचं.

हे काम आधी खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक पाट्या करत. २०१० च्या सुमारास खोडदच्या मंडळींनी ते बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या जथ्यावर, निव्वळ सॉफ्टवेअरने करून दाखवलं. आमच्या धंद्यात याचं मोल लगेच कळतं: नवी कल्पना सुचली तर पाटी बदलावी लागत नाही, प्रोग्रॅम बदलतो. पुढे दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं. एका वेळी ऐकता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर गेला आणि बेरजेचं काम व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स चिपा करू लागल्या. तुमची मुलं ज्या कार्डासाठी हट्ट धरतात, त्याच जातीचं कार्ड तिथे पल्सारचे ठोके सरळ रेषेत आणतं.

या दुर्बिणीतून काय निघालं? २००१ मध्ये आर. टी. गंगाधर आणि यशवंत गुप्ता यांनी बी ०३२९+५४ या पल्सारचे खोडदला टिपलेले हजारो ठोके तपासले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पल्सारचा एकेक ठोका वेगळा असतो. कधी एक शिखर, कधी तीन, कधी काहीच नाही. पण हजारभर ठोक्यांची सरासरी काढली की दर वेळी तोच आकार येतो. एखाद्याच्या वहीचं प्रत्येक पान वेगळं असतं पण अक्षराचं वळण तेच, तसं. या पल्सारच्या ठोक्यात त्यांनी नऊ शिखरं वेगळी केली: मधलं एक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने आठ. म्हणजे झोत भरीव नाही. मध्ये एक गाभा आणि त्याभोवती एकात एक बसलेली चार पोकळ कडी आहेत.

यापुढची युक्ती मला फार आवडते. जोडीतली दोन शिखरं गाभ्यापासून सारख्या अंतरावर असायला हवीत, पण ती नव्हती. सगळी जोडी थोडी आधीच्या बाजूला सरकलेली होती. कारण असं, की जी लहर जास्त उंचीवर निघाली ती आपल्याला तेवढी जवळ, शिवाय फिरण्याच्या वेगामुळे तिचा झोतही किंचित पुढे झुकतो. दोन्हींमुळे ती लवकर पोचते. किती लवकर, हे मोजलं की उंची निघते. तीनशे किलोमीटरच्या फरकाला दोन हजारांश सेकंद, असा साधारण हिशेब. उत्तर आलं काहीशे किलोमीटरपासून हजाराच्या आसपास. कण ज्या सीमेपलीकडे ताऱ्याबरोबर फिरू शकत नाहीत ती सीमा या पल्सारसाठी ३४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे लहरी फार वरून येत नाहीत, ताऱ्याच्या डोक्यावरच निघतात. ताऱ्यापर्यंत कुणी जाऊ शकत नाही, दुर्बिणीतून तो ठिपकाही दिसत नाही, आणि ठोका क्षणभर सरकला यावरून त्याच्यावरची उंची मोजली जाते.

२००९ मध्ये एनसीआरएचे दीपांजन मित्रा आणि पोलंडमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तालाच्या प्रश्नाला हात घातला. त्यांनी खोडदला टिपलेल्या ठोक्यांतून असे वेचले, ज्यांत जवळजवळ सगळी लहर एकाच दिशेने कंप पावत होती आणि ती दिशा राधाकृष्णन-कुक वक्राला चिकटून होती. त्यांचा निष्कर्ष: कणांचे घोळके एकत्र, जणू एकच मोठा भार असल्यासारखे वाकड्या चुंबकीय रेषांवरून धावतात आणि त्या वळणातून लहरी सुटतात. त्यानंतर त्यांच्या गटाने १२३ पल्सारचे सुटे ठोके दोन कंपनसंख्यांवर टिपून त्यांची मोठी नोंदवही तयार केली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. घोळके बनतात कसे आणि टिकतात कसे, यावर मात्र अजून एकमत नाही. दुसऱ्या उपपत्तीही आहेत आणि त्यांचे कैवारीही हुशार आहेत.

बाकीचं थोडक्यात सांगते. २००४ मध्ये एनजीसी १८५१ या तारकागुच्छात खोडदने आपला पहिला पल्सार शोधला, सेकंदाला दोनशे फेऱ्या मारणारा. जून २०२३ मध्ये युरोपच्या आणि भारताच्या गटांनी मिळून, पल्सारच्या ठोक्यांतल्या अतिसूक्ष्म मागेपुढे होण्यावरून, विश्वात पसरलेल्या संथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात भारताचा हिस्सा खोडदच्या निरीक्षणांचा होता. दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात होणाऱ्या महाकाय एसकेए दुर्बिणीत भारत सामील आहे, आणि त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. गोविंद स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात वारले.

आता राहिली ती शांततेची गोष्ट. पल्सारकडून येणारी ऊर्जा इतकी कमी असते की खिशातला एक मोबाईल तिच्यापुढे भोंग्यासारखा असतो. जागा निवडली तेव्हा जुन्नरच्या या भागात मोबाईल नव्हते. आज टॉवर आहेत, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या आहेत, डोक्यावरून जाणारे उपग्रह आहेत. खोडदचे अभियंते गोंगाट गाळण्याची सॉफ्टवेअरं लिहितात, टॉवरवाल्यांशी, वीज मंडळाशी बोलतात. आणि गेल्या काही वर्षांत रेल्वेशीही बोलावं लागलं. पुणे-नाशिक अर्धजलद रेल्वेचा आखलेला मार्ग नारायणगावच्या बाजूने होता. विजेवर धावणाऱ्या गाड्या आणि त्यांची संदेशयंत्रणा दुर्बिणीला बाधक ठरेल, असं एनसीआरएने कळवलं. रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलून शिर्डीवरून नेण्याचं सांगितलं. जुन्नर, आंबेगाव, खेडचे लोक संतापले. आमच्याच जमिनी, आमचाच माल, आणि रेल्वे दुसरीकडे?

त्यांचा राग मला समजतो. आपण मराठवाड्यातली माणसं, रेल्वेची वाट पाहणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज येईपर्यंत किती निवेदनं झाली, आणि जालना-जळगाव मार्गाला मंत्रिमंडळाची मंजुरी यायला ऑगस्ट २०२४ उजाडावा लागला. टोमॅटोच्या क्रेट घेऊन महामार्गाच्या कोंडीत तासन्‌तास अडकलेल्या शेतकऱ्याला बी ०३२९+५४ ची कडी सांगून उपयोग नाही. तरीही मत विचारलं तर मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. रूळ चाळीस किलोमीटर सरकवता येतात. तीस तबकड्या, त्यांच्यामधले काचतंतू आणि डोंगरांनी राखलेला तो खळगा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पण मग त्या शांततेची किंमत जे गाव देतं त्याला तिचा हिशेबही मिळायला हवा. रस्ते, शीतगृहं, बोगदा, तांत्रिक तोडगा, जे शक्य असेल ते, आणि लोकांच्या भाषेत, मराठीत. ‘शास्त्रज्ञांनी रेल्वे अडवली’ एवढंच ज्यांच्या कानावर येतं, त्यांना ती कशासाठी अडवली हे कुणीतरी बसून सांगायला हवं होतं.

ते काम खोडदला वर्षातून एकदा तरी होतं. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन, रामन यांच्या शोधाचा दिवस. त्या सुमारास दुर्बीण सगळ्यांना खुली असते आणि विज्ञान प्रदर्शन भरतं. जवळपासच्या तालुक्यांतल्या शाळांची मुलं आपापली उपकरणं घेऊन येतात, शास्त्रज्ञ त्यांच्या टेबलासमोर उभे राहून प्रश्न विचारतात. आपल्या शाळेची आताची मुलं एखाद्या वर्षी तिथे गेली तर फार बरं होईल. आदल्या दिवशी निघून नारायणगावला मुक्काम करावा लागेल, कारण जालन्याहून पाच-सहा तासांची वाट आहे. गाडीच्या खर्चात मी वाटा उचलीन, आणि माझ्या वर्गातली आणखी चार-पाच जणं तरी उचलतील. मुलांना एवढंच आधी सांगून ठेवा की तिथे मोबाईल बंद ठेवावे लागतात, त्यामुळे तबकडीसमोरचा सेल्फी काही मिळायचा नाही.